दुसऱ्या गेरचा धक्का

माझ्या घरमालकांशी माझी पहिली ओळख झाली ती त्यांच्या पायांशी. राहुरीला नुकतीच शाळेत नोकरी लागली होती. खोली शोधत मी त्या अंगणात शिरले, तर कडुलिंबाखाली एक जुनाट व्हॅन उभी होती आणि तिच्याखालून दोन पाय बाहेर आले होते. मी त्या पायांना विचारलं, "खोली भाड्यानं द्यायचीय ना?"

"द्यायचीय," खालून आवाज आला. "गाडी चालवता का?"

"स्कूटी आहे माझी."

पायांची बोटं हलली. "म्हंजी गेर न्हाई तिला. बरं, ऱ्हावा."

बाकीचं सगळं त्यांच्या बायकोने ठरवलं. काकू ओट्यावर घेवडा निवडत बसल्या होत्या. "त्यांच्याकडं लक्ष देऊ नका बाई," त्या म्हणाल्या. "जेवायला भाईर येत्यात, तवा बगा मानूस कसं हाय ते." मी थांबले. बाहेर आलं ते एक काटकुळं, उंच, कपाळावर ग्रीसचा पट्टा ओढलेलं माणूस, आणि त्यांनी मला पहिलं विचारलं ते हे, की माझी स्कूटी चढावर रडते का. रडते, म्हटलं. "रडनारच," ते समाधानाने म्हणाले आणि हात धुवायला गेले.

मी त्यांना काका म्हणायचे, ते मला मॅडम म्हणायचे. सगळी नोकरी त्यांनी एका दूध संघाच्या गाडीवर काढली होती. पहाटे निघायचं, वाटेवरच्या गावांतून दुधाचे कॅन उचलायचे आणि ऊन चढायच्या आत संघात पोचवायचे. पुढे संघाने ती व्हॅन मोडीत काढली, तेव्हा यांनीच ती घेतली. "लोकं रिटायर झाली की शाल-नारळ घिऊन घरी येत्यात," काकू म्हणायच्या, "हे सवत घिऊन आले."

दुधाबद्दल काकांचं एक शास्त्र होतं. दुधाला खड्ड्याचं काही वाटत नाही, कारण खड्डा खालून येतो. पण गेरचा धक्का मागून येतो आणि तो दुधाला सोसत नाही, ते रुसतं. मी शाळेत विज्ञान शिकवते. मी म्हटलं, "काका, दुधाला पुढचं-मागचं कसं कळणार?" ते म्हणाले, "तुमी शिकवता ते दुधाला ठाव न्हाई ना मॅडम." त्यांच्या गाडीतल्या कॅनवर कधी लोण्याचा गोळा तरंगला नाही, असं ते छाती पुढे काढून सांगायचे. खरं-खोटं त्यांना आणि त्या दुधालाच माहीत.

"गेर टाकू नये, मागावा," हे त्यांचं लाडकं वाक्य. मागायचं काम डाव्या हाताचं, म्हणून डाव्या हाताची बडदास्त काही और होती. बाजारातून येताना दोन पिशव्या असल्या तरी दोन्ही उजव्या हातात, आणि अंग एका बाजूला कललेलं. थंडीत खोबरेल लावायचं ते फक्त डाव्या तळव्याला. डाव्या कुशीवर झोपायचं नाही, हात आखडतो. काकूंनी एकदा घाईत तापलेली कढई त्यांच्या डाव्या हातात द्यायला काढली, तर हे चार पावलं मागे सरले. "बायको गेली तरी चालंल, हात जायला नको," काकू मला म्हणाल्या आणि दोघी आम्ही पोट धरून हसलो. तेव्हा हसता येत होतं.

घर रस्त्याला लागूनच होतं. पाटीवर आता अहिल्यानगर लिहिलंय, आमच्या तोंडात अजून नगरचाच रस्ता. संध्याकाळी काका ओट्यावर बसून त्या रस्त्यावरच्या गाड्या ऐकायचे. बघायचे नाहीत, डोळे मिटलेले असायचे. एसटी गेली की म्हणायचे, "मारला त्याला." म्हणजे ड्रायव्हरने गेर आपटला. कधी म्हणायचे, "ह्यो घरी भांडून आलाय." कधी एखाद्या ट्रकचा आवाज दूर जाईपर्यंत मान हलवत राहायचे आणि हळूच म्हणायचे, "मागून घेतला बरं का. चांगलं मानूस हाय." माणसाची पारख करायची त्यांची ही एवढीच रीत होती. मी तापट आहे, फोनवर मुख्याध्यापकांशी माझे खटके उडायचे. फोन ठेवला की ओट्यावरून आवाज यायचा, "मॅडम, न्यूट्रलला या." पुष्कळदा मी यायचेही.

इतकं सगळं असून ती गाडी कुठे जात मात्र नव्हती. तिचं सतत काहीतरी निघालेलं असायचं. तुळजापूरला नेतो नेतो म्हणत काकांनी काकूंना वांबोरी फाट्यापलीकडे नेलं नव्हतं. काकू उभ्या गाडीत पुढच्या सीटवर बसून शेंगा फोडायच्या, टपावर कुरडया वाळत घालायच्या. "मी हिच्यात लई फिरले," त्या सांगायच्या, "अंगनातल्या अंगनात."

मग काकूंची पाठ दुखायला लागली. आम्ही सगळे पाठीच्याच मागे लागलो. तेल चोळून झालं, पट्टा बांधून झाला, कुणाच्या तरी हाताला गुण आहे म्हणून तिकडे जाऊन झालं. नगरच्या डॉक्टरांनी तपासण्या केल्या तेव्हा कळलं की दुखणं पाठीचं नव्हतंच. छातीतली गाठ काकूंनी लाजेपायी कुणाला सांगितली नव्हती आणि ती आता मणक्यांपर्यंत पोचली होती. बरं होण्याची गोष्ट डॉक्टरांनी काढलीच नाही. मणक्याला शेक द्यायचा, म्हणजे मशीनखाली झोपवून किरणं द्यायची. त्याने दुखणं कमी होईल, आहेत ते दिवस सुखाचे जातील. रोज यायचं, खाडा करायचा नाही, त्यांनी बजावून सांगितलं.

काकांनी दुसऱ्या दिवशी व्हॅनच्या मागची कॅनची जाळी काढून टाकली. तिथे ट्रॅक्टरच्या ट्यूबा अर्धवट हवा भरून अंथरल्या, त्यांवर दोन गाद्या टाकल्या, कडेला धरायला एक लोखंडी दांडा बसवला. राहुरी ते नगर रस्त्याची अवस्था सगळ्यांना ठाऊक आहे. त्यावर त्यांनी असा उपाय काढला होता की खड्डा दिसला की पुढून ओरडायचं, "खड्डाऽऽ!" आणि काकूंनी मागे दांडा घट्ट धरायचा. शेजारची एक बाई सोबत जायची. ती सांगायची, खड्ड्यांचं काकूंना एवढं वाटत नाही, सांगून येतात ते. खरा त्रास होतो तो गेरचा.

त्या गाडीत गेरची दांडी पुढे ड्रायव्हरपाशी आणि गेरबॉक्स पार खाली, मागे. मधे लोखंडी सळ्या, त्यांना जोडणारे सांधे, सांध्यांत बुश, म्हणजे झीज सोसणाऱ्या छोट्या नळ्या. सांधे झिजले की पुढे हात हलतो आणि मागे गेरबॉक्सला ते उशिरा कळतं. पहिला, तिसरा, चौथा कसेबसे पडत होते. तिसऱ्यावरून दुसऱ्यावर येताना मात्र दांडी अडायची, काका जोर लावायचे, गेर धाडकन बसायचा आणि गाडी हिसका द्यायची. तो हिसका काकूंच्या मणक्यात जायचा. ज्या माणसाने जन्मभर दुधाला धक्का लागू दिला नाही, त्याच्या गाडीत त्याची बायको कण्हत होती. काकांचा चेहरा त्या आठवड्यात असा उतरला की त्यांच्याकडे बघवत नव्हतं.

ते गाडीखाली गेले आणि तिथेच राहायला लागले. आधी बुश बदलले. फरक पडला नाही. मग म्हणाले, पिनांची भोकं झिजून लंबुळकी झालीत. ती भरून नवी पाडून आणली. मग सळीची लांबी. सळीच्या टोकाला आटे असतात, नट सैल करून ती फिरवली की लांबी कमी-जास्त होते. अर्धा फेरा इकडे, अर्धा फेरा तिकडे, नट आवळायचा, अंगणातून गाडी रस्त्याला काढायची, चक्कर मारून आणायची आणि मान हलवत पुन्हा खाली जायचं. दुसरा सुधारला की तिसरा निसटायचा. तिसरा धरला की उलटा गेर सापडायचा नाही. आणि गाडी खोललेली असली की त्या दिवशी नगरला जाणं बंद. खाडे पडू लागले. डॉक्टर चिडले. मी तर त्यांच्यापेक्षा जास्त चिडले.

पुण्याहून मुलगा आला. त्याच्याकडे नवी गाडी होती, गेर आपोआप बदलणारी. "नाना, या गाडीला गेर टाकावाच लागत नाही," तो म्हणाला. "आईला मी घेऊन जातो." काका त्या गाडीभोवती एक फेरी मारून आले.

"ती कवा बदलती?"

"तिचं तिला कळतं."

"आनि तुला इचारत न्हाई?"

"विचारायचं काय त्यात नाना?"

काकू त्या गाडीतून नगरला जाऊन आल्या. काका फाटकात उभेच होते. "कसं वाटलं?" त्यांनी विचारलं. काकूंनी त्यांच्याकडे बघितलं आणि म्हणाल्या, "गाडी बरी हाय. पन माझा जीव न्हाई रमला." मुलाचा चेहरा पडला. त्याची रजा संपली, तो गेला. जाताना त्याने भाड्याची गाडी लावून देतो म्हटलं, तर काकूंनीच नको म्हणून सांगितलं.

त्या दिवशी मी त्यांचे केस विंचरत होते. त्या म्हणाल्या, "खोटं बोलले गं मी. पोराच्या गाडीत कायबी लागलं न्हाई. झोपून गेले, झोपून आले."

"मग सांगायचं ना तसं!" माझा आवाज चढला.

"आनि मंग ह्यांनी काय करायचं?" त्या म्हणाल्या. "डॉक्टरचं त्यांना कळत न्हाई, सैपाक येत न्हाई. तेवडी गाडीच येती. ती बी काडून घेतली तर दिसभर माझ्याकडं बगत बसतील, आनि मला त्यांचं बगनं सोसायचं न्हाई. ऱ्हाऊ दे. जाते मी त्यांच्याच गाडीतनं."

मला दोघांचाही राग आला. एक माणूस दुसऱ्याच्या सुखासाठी गाडीखाली लोळतंय आणि दुसरं त्याच्या सुखासाठी हिसके खातंय, आणि दोघांचंही दुखणं तसंच. हे सांगायचं कुणाला? मी कंगवा टाकून वर माझ्या खोलीत निघून गेले आणि रडले.

दिवाळीच्या सुट्टीत शेजारच्या बाई माहेरी गेल्या, म्हणून सोबतीला मी जाऊ लागले. मागे गादीवर काकू, त्यांच्या उशाशी मी, पुढे काका. काकू तोंडात पदराचा बोळा धरायच्या, म्हणजे कण्हलेलं पुढे ऐकू जाऊ नये. तरी ते जायचंच. प्रत्येक वेळी काकांचे खांदे वर यायचे. देहरे मागे पडलं की त्यांची मान ताठ व्हायची, कारण पुढे विळद घाट. घाट म्हणजे काही मोठा नाही, पण चढ आहे, आणि जुन्या गाडीला तिथे दुसऱ्यावर यावंच लागतं.

एकदा त्या चढाला गेर असा बसला की काकूंच्या तोंडातला पदर बाहेर पडला आणि त्या ओरडल्या. मी त्यांना आधी कधी ओरडताना ऐकलं नव्हतं. काकांनी घाट चढवला, गाडी कडेला लावली आणि पाना घेऊन खाली शिरले. बाजूने उसाचे ट्रक हॉर्न वाजवत चालले होते, धुळीने काही दिसत नव्हतं. शेकाची वेळ टळून जात होती. आत काकू घामाने भिजल्या होत्या. त्यांनी माझं मनगट धरलं.

"ह्यांना म्हन, मागं यिऊन बसा माझ्यापाशी. गाडी कोनी बी चालवील."

"तुम्हीच म्हणाला होता, त्यांचं बघणं सोसत नाही."

"तवा म्हनले. आता वाटतं, बसावं जवळ."

मी खाली उतरले, वाकले आणि गाडीखालच्या माणसाला शब्दन् शब्द सांगितला. ऐकू आलं नसेल म्हणून दुसऱ्यांदा सांगितला. पान्याचा आवाज थांबला.

"ऐकलं मी," काका म्हणाले. "गाडीवर दुसऱ्याचा हात नगं मॅडम. दुसऱ्याच्या हाताला तिला लागंल." आणि पाना पुन्हा फिरू लागला.

असलं प्रेम मला समजत नाही. त्या वेळी समजलं नाही आणि आता समजतं असंही नाही. ज्या हाताने काकूंचा हात धरायचा, तो हात सळीला आटे देत होता, आणि त्यांना मनापासून वाटत होतं की आपण तिचंच करतोय.

शेवटी दोष सापडला तो माझ्या देखत. एका सकाळी त्यांनी मला ड्रायव्हरच्या सीटवर बसवलं. इंजिन चालू, ते खाली. "क्लच दाबा. दुसरा टाका. आता क्लच निम्मा सोडा, ब्रेक सोडू नका." मी भीत भीत करत होते. "पुन्ना. पुन्ना करा." बराच वेळ हे चाललं. मग ते काही बोलेनात. मी खिडकीतून डोकावले, तर ते बाहेर येऊन जमिनीवर पाय पसरून बसले होते आणि दोन्ही हातांनी कपाळ बडवत होते.

"इंजिनच हलतंय मॅडम!" ते म्हणाले. "सळ्या सरळ हायेत. इंजिनच जाग्यावर न्हाई. इंजिनाच्या बुडाचं फाउंडेशनचं रबर दबलंय. जोर आला की अख्खं इंजिन सरकतंय आनि सळीला वढतंय. मी ही सळी ल्हान-मोठी करत बसलो. मूर्ख हाय मी. कवाधरनं तिला हिसके देतोय!"

इतकी वर्षं हात फिरवून त्यांना हे कळू नये, हे त्यांच्या मनाला फार लागलं. हसत होते की रडत होते, ते चेहऱ्यावरच्या काळ्या तेलातून समजत नव्हतं. मग तसेच उठून ते खोलीच्या दारात गेले. आत जाऊन फरशी तेलकट होईल म्हणून उंबऱ्याबाहेरच उभे राहिले. "अगं, सापडलं!" ते म्हणाले. "इंजिन हलत हुतं."

काकूंना आता बोलायलाही कष्ट पडत होते. "बरं झालं," त्या म्हणाल्या.

नवी रबरं बसवली. सगळ्या सळ्या पुन्हा पहिल्यापासून लावल्या. काकांनी इंजिनच्या झाकणावर पाण्याने काठोकाठ भरलेलं फुलपात्र ठेवलं आणि अंगणातून रस्त्याला, रस्त्यावरून अंगणात असे सगळे गेर टाकून दाखवले. पाणी सांडलं नाही. ते काकूंच्या खाटेपाशी नेऊन त्यांना दाखवलं. काकूंनी त्यातलं घोटभर पाणी मागून घेतलं.

दुसऱ्या दिवशी आम्ही निघालो. डॉक्टरांनी दुखण्यावरची गोळी वाढवून दिली होती, त्यामुळे काकू गुंगीतच होत्या. चादरीच्या झोळीतून आम्ही त्यांना गादीवर ठेवलं. थंडी पडली होती. काकांनी काकूंच्या डोक्यावरची कानटोपी सारखी केली, गाडीचं दार आवाज न करता लावलं आणि पुढे जाऊन बसले.

तशी गाडी मी जन्मात अनुभवली नाही. गेर बदलला हे फक्त आवाजावरून कळत होतं. "दुसरा टाकला बरं का," काका पुढून सांगत होते. "आता तिसरा. कळला का?"

"नाही काका."

"हिला?"

काकूंचे डोळे मिटलेले होते, चेहरा कधी नव्हे इतका सैल पडला होता. कपाळावरच्या आठ्या गेल्या होत्या. मी म्हटलं, "झोपल्यात."

"झोपली?" ते आरशातून माझ्याकडे बघायला लागले. "खरं?"

"गाढ झोपल्यात."

कित्येक रात्री त्या बाईला झोप नव्हती. काकांनी मग खड्ड्यांसाठी ओरडणं बंद केलं. एकेक खड्डा वळसा घालून चुकवत, सायकलीही पुढे जातील अशा बेताने ते गाडी हाकत होते. मागचे लोक शिव्या घालत होते, हे हात जोडत होते. घाट आला. मी काकूंचा हात घट्ट धरला. काकांनी दांडीवर हात ठेवला, थोडा वेळ नुसताच ठेवला, आणि गेर पडला. आवाज बदलला, गाडी चढायला लागली. मागून कण्हणं आलं नाही. काका मोठ्याने हसले आणि लगेच आपणच आपल्या तोंडावर हात ठेवला, ती जागी होईल म्हणून. इतकं सुखी माणूस मी पुन्हा पाहिलं नाही.

दवाखान्यात पोचलो. स्ट्रेचर घेऊन माणूस आला, आमचा नंबर लागलेला होता. काकांनी त्याला दारातच अडवलं. "जरा थांबा हो दादा. आत्ता कुटं डोळा लागलाय. दुसरा पेशंट घ्या तोवर." तो कुरकुरला, पण गेला. मग काका मागचं दार उघडून आत आले आणि पहिल्यांदाच तिथे, त्या गादीवर, काकूंच्या पायथ्याशी बसले.

"कशी झोपलीय," ते कुजबुजले. त्यांनी तिचे पाय उचलून आपल्या मांडीवर घेतले. "गारठलीय की हो ही." अंगातला स्वेटर काढला आणि त्या पायांभोवती गुंडाळला. वरून हाताने चोळत राहिले. "ह्या लोकांना काय घाई हाय? झोपू द्या."

मी काकूंच्या हाताकडे बघितलं. तो सबंध वाट माझ्या हातात होता, आणि गार होता, पण बाहेर थंडी होती, माझेही हात गारच होते. मी त्यांच्या नाकापाशी बोटं नेली. किती वेळ धरून बसले, माहीत नाही. काका स्वेटर नीट करत होते. त्यांनी वर पाहिलं आणि माझ्या तोंडावरून त्यांना कळलं.

डॉक्टर गाडीतच येऊन बघून गेले. कधी गेल्या, ते त्यांनाही नक्की सांगता येईना. थोडा वेळ झालाय, एवढंच म्हणाले. दवाखान्याने शववाहिका देऊ केली, काकांनी मान हलवून नको म्हटलं. मुलगा पुण्याहून परस्पर राहुरीला यायला निघाला. आम्ही गेलो तसेच परत आलो. गेर तसेच पडत होते, आवाजापुरते. मी मागे बसून मनात म्हणत होते की आता तरी आपटा, फेकून द्या ती दांडी. परतीच्या वाटेवरही एक धक्का बसला नाही.

मी आणखी काही महिने त्या घरात राहिले. काका पुन्हा गाडीखाली गेले नाहीत. दिवसभर ओट्यावर असायचे. मी शाळेतून आले की जिन्यापाशी मला थांबवायचे.

"वांबोरी फाट्याला हुती का ती?"

"होत्या."

"आनि देहऱ्याला?"

मला माहीत नव्हतं. मी कधी हो म्हणायचे, कधी बहुतेक म्हणायचे. ते ऐकून घ्यायचे. "येक जरी धक्का बसला आसता ना मॅडम," ते एकदा म्हणाले, "तर ती कन्हली आसती. न्हाई कन्हली तर मला कळलं आसतं. मी गाडी थांबवली आसती. मागं आलो आसतो." ते म्हणत होते ते खरं होतं.

मी खोली सोडली त्या दिवशी सामान टेम्पोत चढत होतं आणि ते फाटकाशी उभे होते. त्यांनी मला बाजूला बोलावलं. "एकच इचारतो," ते म्हणाले. "तिला कळलं आसंल का वो? धक्का बसत न्हाई ते?"

"कळलं, काका."

"म्हनली का तसं?"

"म्हणाल्या ना."

"काय म्हनली?"

काकूंनी माझ्यामार्फत त्यांच्याकडे शेवटचं जे मागितलं होतं, ते मी त्यांना घाटात गाडीखाली वाकून सांगितलं होतं, आणि ते त्यांनी ऐकलंही होतं. त्यानंतरचं माझ्याकडे काही नव्हतं. टेम्पोवाला हॉर्न वाजवत होता. मी म्हटलं, "म्हणाल्या, मला मस्त झोप लागली."

झोपलेलं माणूस आपल्याला झोप लागली असं सांगत नसतं. काका माझ्या तोंडाकडे बघत राहिले, आणि माझी नजर खाली गेली.

"व्हय का," ते म्हणाले. "मंग बरं." आणि फाटक लावून घेऊन आत गेले.